गृहविचार : मातीची परीक्षा

आपल्या पूर्वजांनीं गांवच्या जमिनीचे दोन भाग मानिले : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांचीं माळवदें पांढऱ्या मातीनें घालीत, यांत मोठाच विवेक होता. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते; पिकास ती माउली, परंतु भिंतीस वैरीण.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहाटे किल्लारीस भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हांचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. मातीच्या घराची भीति तेव्हांपासून अनेकांच्या मनांत बसली आहे. ती स्वाभाविक आहे. तथापि दोष नेमका कोठें होता हें पाहिलें पाहिजे. त्या घरांच्या जाड भिंती ओबडधोबड दगडांच्या, दोन पदरी. मध्यें बारीक दगड-मातीची भर. दोन्ही पदरांस बांधणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच. वर लांकडांवर फूट-दोन फूट जाडीचें माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर पुनःपुन्हां नवी माती पडे. ओझें वाढत गेलें, बंध मात्र वाढले नाहींत.

म्हणून मातीचें कोणतेंही काम काढण्यापूर्वीं घरच्या घरीं दोन परीक्षा कराव्या. वरची दीड-दोन फूट माती काढून टाकावी, कारण तींत पालापाचोळा कुजलेला असतो, खालची घ्यावी. कांचेच्या बरणींत एक-तृतीयांश माती, बाकी पाणी व चिमूटभर मीठ घालून खूप हालवावें. वाळू लगेच तळाशीं बसते, त्यावर गाळ, आणि शेवटीं चिकणमाती. तीस एक दिवस लागतो. चिकणमातीचा थर एकंदर मातीच्या पांचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका असल्यास माती बरी समजावी.

दुसरी परीक्षा अशी : ओलसर मातीची सव्वा इंच जाड, लांब वळी करून पाटाच्या कडेवरून हळूहळू पुढें सारावी. दोन इंचांच्या आंत तुटली तर वाळू फार. सहा इंचांपलीकडे लोंबत राहिली तर चिकणमाती फार.

चिकणमाती फार असल्यास जाड वाळू अगर चाळलेला मुरूम मिसळावा. वाळू फार असल्यास चिकण माती घालावी. गव्हाचें भुसकट कालवून चिखल दोन-चार दिवस भिजत ठेवावा व चांगला तुडवावा. भुसकटानें भेगा कमी पडतात. नमुन्याच्या दोन-तीन विटा पाडून सावलींत वाळवाव्या. तडकल्या तर प्रमाण बदलून पुन्हां पाडाव्या.

आरंभ अंगणांतील ओट्यानें करावा. राहत्या घराचें काम असेल तर मात्र जाणत्या इंजिनियराचा सल्ला घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये. छप्पर हलकें हवें, भिंतींत आरपार दगड हवेत, आणि चारी भिंतींस एकत्र बांधणारा पट्टा हवा. माती उत्तम निघाली तरी हीं तीन कामें टळत नाहींत.