काठावरचा प्रवासी

‘तेथे जाऊन तुम्ही दिवसभर करणार काय?’ बेंगळुरूत मुलाकडे वा मुलीकडे राहावयास आलेल्या एखाद्या निवृत्त मराठी शिक्षिकेने गुलमर्गच्या हिवाळी सहलीस येण्याची इच्छा बोलून दाखविली, की घरात हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. असलीच तर काळजी असते. तरीही या साध्या प्रश्नात एक संपूर्ण प्रवासविचार दडलेला आहे. बर्फाच्या गावी जावयाचे ते स्कीइंगसाठी. ज्याचे गुडघे त्या कामाचे उरले नाहीत, त्याने इतरांच्या कोटांची राखण करीत बाकावर बसावे, असा तो विचार. खेदाची गोष्ट ही, की मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेनेही तो कधी मुळातून तपासला नाही.

हा प्रश्न बेंगळुरूत विचारला जावा, यात विशेष विसंगती आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे हे शहर एके काळी पेन्शनरांचे नंदनवन म्हणून ओळखले जाई. सौम्य हवेत राहावे, सकाळी झाडांखालून चालावे, एवढ्याच हेतूने माणसे तेथे उतारवयात घरे बांधीत. तेथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस, आणि तेही १८८४ च्या जानेवारीतले. बर्फ पाहण्याची ओढ अशा शहरात निर्माण होणे स्वाभाविक आहे. आश्चर्य याचे, की नुसते असण्याला ज्या नगराने प्रतिष्ठा दिली, तेथेच आज वृद्धाला त्याच्या प्रवासाचा उपयोग विचारला जातो.

वस्तुतः बर्फाची गावे प्रथम कोणी वसविली? स्वित्झर्लंडमधील सेंट मोरित्झचा हॉटेलचालक योहानेस बाद्रुत याने १८६४ मध्ये आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली आणि त्यांना हिवाळ्यातही येथेच राहावयास बोलावले, अशी कथा सांगितली जाते. ते पाहुणे आले ते उन्हासाठी. डाव्होसला तर क्षयरोगी येत. घोंगड्यांत गुंडाळून घेऊन सज्जांत तासन्‌तास पडून राहणे, हाच त्यांचा उपचार असे. स्कीइंग आले ते पुढे. आर्थर कॉनन डॉयलने डाव्होसहून आरोसापर्यंत डोंगर ओलांडला तो १८९४ मध्ये, आणि तेव्हाही त्या प्रकाराचे नवल वाटले होते. पहिले हिवाळी ऑलिंपिक शामोनीला भरले ते १९२४ साल. त्याच वर्षी डाव्होसच्या रुग्णालयावरची टॉमस मानची ‘डेर त्साउबरबेर्ग’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक एकदा स्कीवरून बाहेर पडतो आणि हिमवादळात मरता मरता वाचतो. परंतु कादंबरी उभी आहे ती आडव्या पडलेल्या माणसांच्या पाहण्यावर आणि बोलण्यावर. ज्यांनी ही गावे हिवाळ्यात प्रथम जागती ठेवली, त्यांनाच आता तेथे उपरे ठरविले जात आहे.

गुलमर्गचा इतिहास थोडा वेगळा आहे. तेथे स्की क्लब स्थापन झाला १९२७ मध्ये, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या हौसेतून. म्हणजे पराक्रमाची भाषा तेथे आरंभापासून आहे. पण १९९८ मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा आणि २००५ मध्ये अफरवटच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जाणारा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून न चढता वर जाणाऱ्यालाही तो डोंगर खुला झाला. (दुसऱ्या टप्प्याची विरळ हवा साठी उलटलेल्यांच्या छातीला मानवेल की नाही, हे आधी वैद्यास विचारावे. तो अधिकार मुलांचा नव्हे.) आकाश निरभ्र असेल तर गुलमर्गहून नंगा पर्वत दिसतो. उतारावरून घसरणाऱ्याची नजर पुढच्या दहा हातांवर खिळलेली असते. तिला तेथून हलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तो पर्वत पुरेसा वेळ पाहणे हे बसलेल्याचेच काम.

आपल्या भाषेत पाहण्याला ‘दर्शन’ असा शब्द आहे आणि ते क्रियापदाच्या तोलाचे आहे. दुरून कळस पाहिला तरी देव भेटला, अशी श्रद्धा आहे. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. चोखोबांच्या वाट्याला आलेले दूरदर्शन त्यांनी निवडलेले नव्हते. पंढरपूरचे ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. लादलेले अंतर आणि निवडलेले अंतर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोहोंची तुलना करणे गैर. पण ‘तुम्ही खाली बसा, आम्ही जाऊन येतो’ या वाक्यात निवड कोणाची, हे विचारलेच पाहिजे. त्या शिक्षिकेने स्वतः बाक निवडला तर तो प्रवास आहे. तिला बसविले तर ती राखण आहे.

मराठी प्रवासलेखनाची गोष्टही काही निराळी नाही. गो. नी. दांडेकरांसारख्या समर्थ लेखकाने पायांनी तुडविलेल्या वाटा शब्दांत आणल्या, त्याचे मोल वादातीत आहे. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी पायपीट उचलली, डोळा मागे ठेवला. किती उंची, किती अंतर, किती देश, असा हिशेब मांडणारी पुस्तके ग्रंथालयांच्या कपाटांत दाटीने उभी आहेत. त्यांत भेटतो तो लेखकाचा दमसास. बाकावर बसलेल्या माणसाचे प्रवासवर्णन मात्र शोधावे लागते. ते शोधण्याची आवश्यकता कोणा समीक्षकाला वाटलेली दिसत नाही, हेही नोंदवून ठेवावे.

या पक्षाची एक बाजू लंगडी आहे, ती लपवू नये. गुलमर्गच्या बर्फात वृद्ध पाहुण्याला लाकडी स्लेजवर बसवून ओढणारा माणूस असतो. फेरन घातलेला, घामाने भिजलेला, कधी पाहुण्याच्याच वयाचा. यात्रेच्या वाटेवरील डोलीवाल्याचाच हा भाऊबंद. बसून पाहण्याचा आनंद अनेकदा दुसऱ्याच्या पाठीवरून येतो. न बसावे, तर त्या दिवशी त्याची मजुरी बुडते. बसावे, तर दोर त्याच्या खांद्यात रुतताना दिसतो. धावत्या माणसाला ही अडचण पडत नाही, कारण तो क्षणात पुढे निघून गेलेला असतो. स्लेजवर बसलेल्याला ती टाळता येत नाही. त्या दोराविषयी लिहिणारा लेखक मराठीला हवा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे राहिले. बर्फ पडले ते महिन्याच्या अखेरीस; २०२५ मध्येही बर्फाअभावी तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. खेळावयास गेलेल्यांच्या दृष्टीने त्या कोरड्या दिवसांत तेथे काहीच नव्हते. काठावर बसणाऱ्याला मात्र तपकिरी गवत, थांबलेले स्लेज आणि आभाळाकडे पाहत उभी असलेली माणसे दिसू शकत होती.