बर्फाच्या किनाऱ्याकडे जाणारे दोन रस्ते



सुट्यांचे दिवस जवळ आले की कचेऱ्यांतल्या टेबलांवर सहलींची पत्रके फिरू लागतात. पूर्वी त्यांत काश्मीर, नैनिताल, फार तर नेपाळ असायचे. आता अंटार्क्टिकाही असते. गुळगुळीत कागदावर निळाशार समुद्र, भिंतीसारखा उभा बर्फ, त्यापुढे एक लहानसे जहाज आणि काठावर रांगेने उभे असलेले पेंग्विन. किंमत मात्र छापलेली नसते. विचारणा केली तर कळते की, विमानभाडे धरून माणशी अनेक लाख रुपये लागतात. चौघांचे कुटुंब धरून हिशेब मांडला, तर कारकुनाची आयुष्यभराची प्रॉव्हिडंट फंडाची रक्कमही अपुरी पडेल.

साहजिकच आपण ते पत्रक बाजूला सारतो आणि मुलांना म्हणतो, "ते मोठ्या लोकांचे काम आहे." हे वाक्य मुलांच्या मनात फार खोल जाऊन बसते. म्हणून आज या विषयावर लिहायचे ठरवले. त्या बर्फाच्या किनाऱ्याकडे जाणारे रस्ते दोन आहेत. एक पैशाचा. दुसरा विद्येचा आणि हातातल्या कसबाचा. दुसऱ्या रस्त्याची पाटी आपल्या वस्तीत कोणी लावलेली नाही, एवढेच.

पैशाचा रस्ता

आधी पहिला रस्ता समजून घेऊ. लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या व्यावसायिकाने १९६६ साली तिकीट काढलेल्या प्रवाशांना जहाजाने अंटार्क्टिकाला नेले. पुढे १९६९ साली त्याने खास या कामासाठी 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' नावाचे लहान जहाज बांधून घेतले. बर्फाच्या समुद्रातल्या सहलींची चाल येथून पडली. आज बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआया बंदरातून सुटतात. दोन दिवस खवळलेला समुद्र पार केला की पहिले हिमनग दिसू लागतात. मग प्रवाशांना रबरी होड्यांत बसवून थोडे थोडे करून काठावर नेतात.

जहाज लहान का, हा प्रश्न पडेल. अरुंद खाड्यांत मोठे जहाज शिरत नाही, हे एक कारण. दुसरे कारण नियमांचे आहे. ज्या जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी असतील त्याने तेथे माणसे उतरवायचीच नाहीत. लहान जहाजानेही एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसे काठावर ठेवायची नाहीत. पेंग्विनपासून ५ मीटर दूर राहायचे. बूट धुऊन, निर्जंतुक करूनच उतरायचे. दगडसुद्धा उचलून आणायचा नाही. तरीही गर्दी वाढतेच आहे. २०२३-२४ च्या हंगामात १ लाख २० हजारांहून अधिक पर्यटक तिकडे गेले. या गर्दीला आवर कसा घालायचा, याचा विचार मे २०२४ मध्ये आपल्याच देशात, कोची येथे भरलेल्या अंटार्क्टिक करार राष्ट्रांच्या बैठकीत झाला.

पैसा मोजला म्हणजे बर्फ मऊ होतो असे नाही. ज्या 'एक्सप्लोरर' जहाजाने ही वाट रूढ केली, तेच जहाज २३ नोव्हेंबर २००७ रोजी बर्फाला धडकून तेथल्या समुद्रात बुडाले. त्यावरचे १५४ जण काही तास होड्यांत कुडकुडत राहिले. दुसऱ्या जहाजाने येऊन सर्वांना वाचवले म्हणून बरे.

गोव्याहून सुटलेले जहाज

आता दुसरा रस्ता. त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या गोव्यातून झाली. मार्मागोवा बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचे नॉर्वेचे भाड्याने घेतलेले जहाज ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाले. ६ डिसेंबर ही तारीख आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. जहाजावर २१ सदस्यांचे भारतीय पथक होते. प्रमुख होते समुद्रशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासिम. मोहीम इतकी गुप्त ठेवली होती की, पथक पोचेपर्यंत देशाला पत्ताच नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीय माणसे त्या बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्याला परत आली. एकंदर ७७ दिवसांचा प्रवास.

गोव्याहून तो किनारा सरळ रेषेत मोजला तरी दहा हजार किलोमीटरहून दूर आहे. विषुववृत्त ओलांडायचे, मग चाळीस अंशांच्या पुढचा वादळी पट्टा. तेथे समुद्राला अडवणारी जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे वारा आणि लाटा पृथ्वीभोवती मोकाट धावतात. त्यातून सुटका झाली की पाण्यावर तरंगते बर्फाचे तुकडे, मग सपाट माथ्याचे हिमनग आणि शेवटी बर्फाची उभी कड.

हा बर्फ तेथे आला कसा? हजारो वर्षे पडलेले हिम वितळत नाही. थरावर थर दाबले जाऊन त्याचा घट्ट निळसर बर्फ होतो. स्वतःच्या वजनाने तो हळूहळू समुद्राकडे सरकतो. यालाच हिमनदी म्हणतात. समुद्रावर पोचला की तो तरंगत पुढे येतो, आणि त्याचे कडे तुटून पडले की हिमनग तयार होतात. हिमनगाचा साधारण नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. समुद्र खारट, पण त्यात तरंगणारा हिमनग गोड्या पाण्याचा! जगातल्या गोड्या पाण्याचा सुमारे सत्तर टक्के साठा एकट्या अंटार्क्टिकाच्या बर्फात आहे. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो त्या आपल्या नागपुरात बसून ही कल्पना करणेही कठीण.

नागपुरात जन्मलेली कन्या

डिसेंबर १९८३ मध्ये तिसरी मोहीम 'फिनपोलारिस' या जहाजाने गोव्याहून निघाली. प्रमुख होते डॉ. हर्ष गुप्ता. ऐंशीहून अधिक माणसांच्या या पथकात प्रथमच दोन महिला होत्या. एक कलकत्त्याच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. या अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली आपल्या नागपुरात झाला. आपल्या शहरातल्या किती शाळांत हे मुलींना सांगितले जाते?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अदितीबाई औंधच्या संस्थानिक घराण्यातल्या. वडील आप्पासाहेब पंत देशाचे राजदूत. घरात पुस्तके होती, परदेश ओळखीचा होता. आपल्या घरांतली मुलगी आणि त्या यांची सुरुवातीची रेघ एक नव्हती. ते अंतर झाकून नुसते "त्यांना जमले, तुलाही जमेल" म्हणणे हा मुलींवर अन्याय होईल. पण घराण्याच्या नावावर कोणाला मोहिमेत घेत नाहीत, हेही तितकेच खरे. पुण्यात बी.एस्सी. करताना ॲलिस्टर हार्डी यांचे समुद्रावरचे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि पुढचा मार्ग ठरला. हवाई विद्यापीठात त्यांनी एम.एस. केले, लंडनला पीएच.डी. केली आणि परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले. बर्फापर्यंत त्यांना त्या कामाने नेले. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या होत्या.

त्यांच्या अभ्यासाचा विषय मला फार मोलाचा वाटतो. पर्यटक पेंग्विन, सील आणि देवमासे पाहायला जातात. त्यांनी पाहिले ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारे समुद्रातले वनस्पती-प्लवक. उन्हाळ्यात तेथे दिवसरात्र सूर्य असतो. त्या उजेडावर हे प्लवक वाढतात. त्यांना क्रिल नावाचे, कोळंबीसारखे बोटभर जीव खातात. क्रिलवर पेंग्विन जगतात, सील जगतात आणि जगातला सर्वांत मोठा प्राणी असलेला निळा देवमासाही जगतो. तळाचे प्लवक नाहीसे झाले तर वरचे काहीच उरणार नाही. देवमाशाचा फोटो सगळे काढतात, त्याला पोसणाऱ्यांची मोजदाद मात्र शास्त्रज्ञांनाच करावी लागते.

वेल्डर, सुतार आणि स्वयंपाकीही

येथपर्यंत वाचून काही पालक म्हणतील, "पीएच.डी. कुठे आणि आमची पोरं कुठे!" आता खरी कामाची गोष्ट ऐका.

तिसऱ्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले ठाणे एका उन्हाळ्यात उभारले. ते पुढे बर्फाखाली गाडले गेले. नंतर १९८९ साली 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' ही ठाणी झाली. तेथे वर्षभर माणसे राहतात. मग तेथे वीज कोण चालू ठेवतो? बर्फावरची गाडी बंद पडली तर कोण दुरुस्त करतो? पाइप फुटला तर कोण जोडतो? जेवण कोण रांधते? ही कामे करायला शास्त्रज्ञ पुरत नाहीत. गोव्यात वास्को-द-गामा येथे १९९८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या मोहिमा चालवते. ते ठाण्यांसाठी कंत्राटी पदांच्या जाहिराती काढते. वाहन मेकॅनिक, जनरेटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार, क्रेनचालक, वायरलेस ऑपरेटर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारक, स्वयंपाकी. नीट वाचा ही यादी. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी येणाऱ्या निम्म्या मुलांचे आयटीआयचे ट्रेड यात आहेत!

ही नोकरी कायमची नाही, हे आधीच सांगतो. मुदतीचे कंत्राट असते. हातात प्रमाणपत्रासोबत प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. कडक वैद्यकीय तपासणी होते. हिमालयात औली येथे बर्फात राहण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आता मोहिमेतली बरीच माणसे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनहून विमानाने बर्फावर उतरतात, जड सामान मात्र अजूनही जहाजाने जाते. हिवाळ्यात दोन महिने सूर्य दिसत नाही. घरी काही झाले तरी परत येता येत नाही. पण जो हे निभावतो त्याला पर्यटकासारखे तासाभरात काठावरून परतावे लागत नाही. तो तेथे राहतो, आणि देश त्याचा खर्च उचलतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. ठाण्यावर स्वयंपाकघराची पाळी सर्वांना असते. भांडी घासणे, झाडझूड करणे हे काम शास्त्रज्ञालाही चुकत नाही आणि मेकॅनिकलाही. हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसे एका छपराखाली अडकलेली असतात. तेथे हलके काम एकावर ढकलून चालत नाही. बर्फाने लावलेली ही शिस्त आपल्या गावांनी उन्हातही लावून घ्यायला हरकत नाही.

मायमाऊल्यांसाठी दोन शब्द

"पोरीला इतक्या दूर कसे पाठवायचे?" असे आई म्हणेल. त्या आईने मंगला मणी यांचे नाव लक्षात ठेवावे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या या शास्त्रज्ञ २०१६-१७ मध्ये 'भारती' ठाण्यावर ४०३ दिवस राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षे होते, आणि २३ जणांच्या पथकात त्या एकट्याच बाई होत्या. त्यापूर्वी त्यांनी हिमवर्षाव कधी पाहिलाही नव्हता. बर्फाच्या प्रदेशात जन्मल्याशिवाय बर्फात काम जमत नाही, हा समज त्यांनी खोडून काढला.

विद्येच्या रस्त्याची काही दारे तर आपल्या शहरातच आहेत. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आहे. या खात्याचे भूशास्त्रज्ञ अंटार्क्टिका मोहिमांत सुरुवातीपासून जात आले आहेत. दुसऱ्या मोहिमेचे प्रमुख व्ही. के. रैना याच खात्याचे होते. सोनेगावला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. हवामान खात्याची माणसेही त्या ठाण्यांवर काम करतात. नागपूर विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. बारावीला शास्त्र घेतलेल्या मुलाला वैद्यकीय आणि अभियांत्रिकी ही दोनच दारे दाखवायची आणि तेथे नंबर लागला नाही की त्याला नापास समजायचे, ही आपल्या घरांतली रीत आता थांबली पाहिजे. बी.एस्सी.ला भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेणारी मुलगी काही कमी शिकत नाही.

ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनी खुशाल सहलीला जावे. नियम पाळावेत, बर्फ घाण करू नये. त्यांचा हेवा करण्यात अर्थ नाही. पण १९८१ पासून जे जहाज जनतेच्या पैशाने गेले, त्याच्या खर्चात आपल्या आयाबायांनी विकत घेतलेल्या काडेपेटीवरचा करही आहे. त्या जहाजावर आपल्या मुलांचा हक्क आहे. हक्क बजावायचा तर आधी जाहिरात वाचावी लागते, अर्ज भरावा लागतो आणि कामात तरबेज व्हावे लागते.

प्रत्येक विहारातल्या, वस्तीतल्या अभ्यासिकेने एवढे करावे. सूचना फलकाचा एक कोपरा या केंद्राच्या जाहिरातींसाठी राखून ठेवावा. एका जाणत्या तरुणाकडे संकेतस्थळ पाहण्याचे काम सोपवावे. आयटीआयच्या मुलांना सांगावे की ट्रेड पूर्ण झाल्यावर दोन-तीन वर्षे मन लावून काम करा आणि अनुभवाचा दाखला जपून ठेवा. मुलींना अदिती पंत आणि मंगला मणी यांची नावे सांगावीत. जगाच्या नकाशावर सगळ्यात खाली जी पांढरी पट्टी दिसते, तिच्यावर बोट ठेवून सांगावे की येथे आपल्या देशाची दोन घरे आहेत आणि त्यांना दरवर्षी काम करणारी माणसे हवी असतात.