भंगारवाला जे नेत नाही

समुद्रात साचणारे बरेचसे प्लास्टिक जमिनीवरून जाते. किनाऱ्यावर लोक टाकतात तो कचरा त्यातला एक भाग. बाकीचे नाले, ओढे आणि नद्या वाहून आणतात. मुंबईत पवई-विहारकडून निघालेली मिठी नदी वस्त्या आणि कारखाने ओलांडत माहीमच्या खाडीला मिळते, आणि वाटेत जे पडेल ते बरोबर नेते. उन्हाळाभर नाल्यात अडकलेल्या पिशव्या जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सुटतात. मग उधाणाच्या भरतीत त्यातल्या काही दादर, जुहू, वर्सोव्याच्या वाळूवर परत येऊन पडतात. समुद्र दिसत नाही म्हणून पुणेही यातून सुटत नाही. मुठेत पडलेली पिशवी भीमेच्या आणि कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघालेली असते. वाटेतल्या धरणांच्या गाळात बरेच अडकते, पण अडकले म्हणजे संपले असे नाही.

प्लास्टिक कुजत नाही, त्याचे फक्त तुकडे होतात. ऊन, लाटा आणि वाळू त्याला इतके बारीक करतात की पाच मिलिमीटरहून लहान कण पाण्यात मिसळून जातात. हे सूक्ष्म प्लास्टिक समुद्रातून परत गाळून काढण्याचा व्यवहार्य उपाय आज नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्लास्टिकचा अंदाज ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन इतका मांडला होता. अडवायचे तर ते पाण्यात पडण्याआधीच अडवावे लागते, आणि त्याची सुरुवात घरातून होते.

घरातले सगळे प्लास्टिक सारखे धोक्याचे नसते. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन, जाड डबे भंगारात किलोवर विकले जातात, म्हणून कचरावेचक ते उकिरड्यातूनही शोधून काढतात. शाम्पूची पुडी, वेफर्सचे चकचकीत पाकीट, गुटख्याची पुडी, थर्माकोलची वाटी यांना मात्र कोणी विचारत नाही. पाकिटात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही. पुडी इतकी हलकी की किलोभर जमवायला कितीतरी वेचाव्या लागतात. भंगारवाला जे नेत नाही तेच नाल्यात उरते. म्हणून वस्तू घेताना हीच कसोटी सर्वांत उपयोगाची: रिकामी झाल्यावर ही भंगारात जाईल का? पुड्यांच्या माळेऐवजी मोठी बाटली, छोट्या पाकिटांऐवजी वाण्याकडून किंवा फरसाणवाल्याकडून स्वतःच्या डब्यात सुटा माल, असे निर्णय त्यातून आपोआप निघतात.

दुधाची पिशवी भंगारात चालते, पण कात्रीने उडवलेला तिचा कोपरा चालत नाही. तो नखाएवढा तुकडा मोरीच्या जाळीतूनही निसटतो. कोपरा पूर्ण न तोडता नुसती चीर दिली, पिशवी विसळून वाळवली, तर ती सबंध भंगारात जाते.

मासळीबाजारातली पातळ काळी पिशवी ही सर्वांत वाईट. तिला वास लागतो, ती कोणी धुऊन ठेवत नाही, कचऱ्यात ती कुत्री-मांजरे फाडतात. त्याच पिशव्या पुढे खाडीच्या तोंडाशी, बोंबील-जवळ्यासाठी लावलेल्या डोल जाळ्यांत शिरतात आणि कोळ्यांना पकडीतून कचरा निवडत बसावे लागते. मासे घ्यायला झाकणाचा डबा नेणे हा समुद्राशी सर्वांत थेट नाते असलेला उपाय आहे, आणि मासे खाणाऱ्या घरांनी तरी तो टाळू नये.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या, पेले यांवरही. बंदीनंतर दुकानांत आलेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या ‘नॉन-वोव्हन’ पिशव्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात आणि जुन्या झाल्या की त्यांचे तंतू सुटतात. जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी कितीतरी टिकाऊ. कागदी कपालाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. टपरीवर काचेचा ग्लास मागणे बरे.

निर्माल्य पिशवीसकट खाडीपुलावरून टाकले जाते, तेव्हा फुले काही दिवसांत कुजतात आणि पिशवी राहते. कुंडीतल्या मातीत किंवा निर्माल्य कलशात फुले सुटी टाकावीत. नदी किंवा खाडी त्यासाठी लागत नाही.

पॉलिस्टरचे कपडे प्रत्येक धुण्यात बारीक धागे सोडतात आणि ते सांडपाण्याबरोबर जातात. कमी वेळा, गार पाण्यात आणि मशीन पूर्ण भरून धुतल्यास धागे कमी सुटतात.

किनारा स्वच्छ करण्याच्या मोहिमांचे मोल वेगळे आहे. वर्सोव्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या कामानंतर मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. अशी मोहीम पावसाळ्यात उधाणाच्या लगेच नंतर घ्यावी, कारण तेव्हा कचरा वाळूच्या वर असतो. नंतर तो गाडला जातो किंवा उन्हाने त्याचे तुकडे होतात. वाळूत रुतलेली जाळी ओढू नयेत, कापून काढावीत. गोळा केलेला माल जागेवरच निवडावा, बाटल्या भंगाराला द्याव्यात आणि उरलेले पालिकेच्या गाडीत त्याच दिवशी जाईल हे पाहावे. बांधून किनाऱ्यावर ठेवलेली पोती पुढची भरती घेऊन जाते.