ओटी भरली, पिशवी भरली का?

सातवा महिना लागला की घरोघरी डोहाळजेवणाचा बेत ठरतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा आणि पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या यांत सारे घर रमून जाते. अलीकडे छायाचित्रकारही आवर्जून बोलावला जातो. हा आनंद योग्यच आहे. परंतु दीड-दोन महिन्यांनी त्याच घरात मध्यरात्री कळा सुरू होतात, तेव्हाचे दृश्य मात्र निराळे असते. पती पैशांची जुळवाजुळव करीत असतो, सासूबाई मऊ सुती कापड शोधत असतात आणि भिंतीचा आधार घेऊन उभी असलेली ती, दोन कळांच्या मधल्या उसंतीत, तपासणीची फाइल कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे हे सर्वांना सांगत असते. जिची काळजी इतरांनी घ्यायची, तिलाच त्या क्षणी घराची व्यवस्था पाहावी लागते.

या धांदलीमागे केवळ विसराळूपणा नसतो. ‘बाळ जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी काही आणू नये’ हा समज अनेक सुशिक्षित घरांतही पाळला जातो. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या काळात पाळणे भरत आणि पाहता पाहता रिकामे होत, त्या काळातील आयांच्या मनातील ही भीती आहे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. ते दुःख उराशी धरून त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ साली वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि प्रबंधासाठी विषय निवडला तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचाच. त्या काळी भीती खरी होती, उपाय नव्हते.

आज परिस्थिती पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातील शंभरापैकी सुमारे ६५ बाळंतपणे रुग्णालयांत होत. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण सुमारे ९५ वर पोहोचले. बाळंतिणीची खोली घरातून रुग्णालयात गेली, पण घराची तयारी तिच्यासोबत गेली नाही. पूर्वी सुईण घरी येई, गरम पाणी चुलीवर असे, जुनी लुगडी हाताशी असत. आता घरातून निघताना जे राहिले ते राहिलेच. म्हणूनच आठव्या महिन्याच्या अखेरीस भरून ठेवलेली एक पिशवी ही आजची गरज आहे.

आणि गंमत अशी, की या अडचणीचे उत्तर परंपरेनेच देऊन ठेवले आहे. बाळाला पहिले वस्त्र नवे नको, नात्यातल्या एखाद्या सुदृढ बाळाचे अंगाला लागलेले असावे, अशी अनेक घरांची रीत आहे. अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती कापड नवजात त्वचेला खरोखरच हितकर असते. मग अशी धुतलेली, उन्हात वाळवलेली झबली, टोपरी, लंगोट आणि दुपटी आधीच बांधून ठेवण्यात कोणती मर्यादा मोडते? आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, टॉवेल, शाल, चप्पल, कंगवा, साबण, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा चार्जर एवढे पुरे. बाजारातील लांबलचक याद्यांना भुलण्याचे कारण नाही.

काही वस्तू मात्र पिशवीत नसणेच श्रेयस्कर. दुधाची बाटली, पावडरचे दूध, घुटी आणि मध ही त्यांपैकी प्रमुख. बाळाला पहिल्या तासात आईचेच दूध मिळावे आणि सहा महिने त्याखेरीज काहीही देऊ नये, हे वैद्यकशास्त्राचे स्पष्ट मत आहे. दुधाच्या पर्यायांची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत देशातील शंभरातील सुमारे ४२ बालकांनाच पहिल्या तासात स्तनपान मिळाल्याचे दिसले. जातकर्मात मध चाटवण्याचा विधी आहे. पण एक वर्षाखालील बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते, हे आता ठाऊक झाले आहे. त्या विधीतील आशीर्वादाचा भाव बाळाच्या मस्तकावर हात ठेवूनही व्यक्त होतो.

कपड्यांइतकेच महत्त्व कागदांचे. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा व अन्य तपासण्यांचे अहवाल, सोनोग्राफी, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हे एकाच फाइलमध्ये असावे. सरकारी रुग्णालयात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण विनामूल्य आहे. ठाऊकच नसल्यामुळे अनेक कुटुंबे कर्ज काढतात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावयास हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखलाच आधारभूत ठरला आहे. तेव्हा आई-वडिलांची नावे नोंदवताना कागदांवरून अचूक लिहून द्यावीत.

तरीही या साऱ्या वस्तूंहून मोलाचे असे काही उरतेच. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार सिद्ध करावे, असे सांगितले आहे. तेथे ठेवावयाच्या वस्तूंची यादीच ग्रंथकाराने दिली आहे: तूप, तेल, सैंधव, सुया, धारदार शस्त्रे, जळण, पलंग. पण ती यादी वस्तूंपाशी थांबत नाही. अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, अनुरक्त आणि कुशल अशा स्त्रिया तेथे असाव्यात, असेही तो बजावतो. भारत सरकारने सरकारी प्रसूतिगृहांत आईसोबत एक सोबतीण असू देण्याचा निर्णय घेतला तो २०१६ साली. शास्त्रकारांना त्याची आवश्यकता किती आधी कळली होती!

ही माणसांची यादीच आज सर्वाधिक अपुरी असते. सोबत कोण राहणार? रात्री वाहन कोणाचे? १०२ किंवा १०८ क्रमांकावर कोण दूरध्वनी करणार? थोरले मूल कोणाकडे झोपणार? जुळणाऱ्या रक्तगटाचे दोन दाते कोण? मातामृत्यूंच्या कारणांत अतिरक्तस्राव आघाडीवर आहे आणि त्या वेळी घटिका मोजायलाही उसंत नसते. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाच्या ९७ च्या तुलनेत हा आकडा समाधानकारक वाटेल; पण ज्या घरातील आई गेली, त्या घराला सरासरीचा काय दिलासा? गडचिरोलीसारख्या दुर्गम भागात प्रसूतीपूर्वी काही दिवस येऊन राहण्यासाठी आरोग्य केंद्रालगत ‘माहेरघर’ उभारावे लागते. शहरातील विभक्त कुटुंबातल्या सुनेला तेवढाही आधार नसतो. शेजारच्या चार घरांनी मनावर घेतले तर तो सहज मिळू शकतो.

म्हणून डोहाळजेवणाच्या प्रथेत एक लहानशी भर घालावयास काय हरकत आहे? ओटी भरणाऱ्या प्रत्येकीने एक धुतलेले जुने दुपटे आणावे. त्याच दिवशी रक्तदात्यांची नावे आणि वाहनधारकाचा क्रमांक एका कागदावर उतरवून फाइलमध्ये ठेवावा. आणि ती पिशवी भरावी पतीने, स्वतःच्या हातांनी, सासूबाईंच्या देखत. भरणाऱ्याला कोणती वस्तू कोठे आहे हे विचारावे लागत नाही. मग कळा येतील त्या रात्री तिने फक्त कळा सोसाव्यात; बाकीचे सारे घराला ठाऊक असेल.