मास्क का नाही घातला, हे विचारणारे तुम्ही कोण?

चांगला टीम लीडर आपल्या माणसाला आधी विचारतो, "अडचण काय आहे?" ऑफिसांतल्या प्रशिक्षणांत हे शिकवतात. यवतमाळच्या वावरात पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला मात्र एकच प्रश्न विचारला जातो, "किती पंप झाले?"

2017 च्या खरिपात या प्रश्नाची किंमत आपण मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. नंतर ठपका कोणावर? मजुरावर! म्हणे, त्यानं मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत.

कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याखालचे नियम 1971 चे. संरक्षक कपडे आणि प्रशिक्षण यांच्या तरतुदी त्यात आहेत. मग त्या धुऱ्यापर्यंत का पोचल्या नाहीत? कारण फवारणी करणाऱ्याचा कोणी प्रमुखच नाही. मालक धुऱ्यावर, औषधाचा सल्ला कृषी केंद्राच्या दुकानदाराचा, आणि विष मजुराच्या छातीत. हुकूम देणारे अनेक, जबाबदार कोणीच नाही.

कोणी म्हणेल, मजूरच किट घालत नाहीत. खरं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकच्या कपड्यात जीव गुदमरतो. पण हा गुन्हा नाही, ही कामातली अडचण आहे. ती सोडवायची तर सकाळी लवकर फवारा, वारा सुटला की थांबा, घालवेल असं कापड द्या. त्यासाठी आधी मजुराला विचारावं लागतं. आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्यासमोर भूमिहीन दलित, कोलाम, गोंड मजूर "मला गरगरतंय, मी थांबतो" असं म्हणू शकतो का? जिथं प्रश्न विचारणं हाच उद्धटपणा ठरतो, तिथं अडचण सुटत नाही, फक्त माणूस पडतो.

बाबासाहेब 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना समोरासमोर बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. 1943 मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. काम कसं होतं ते बघितल्याशिवाय कामगाराचा प्रश्न कळत नाही, हा त्याचा अर्थ. आपले साहेब मात्र वावरात उतरत नाहीत, अहवालात उतरतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक गावात फवारणीच्या टोळीला मजुरांनीच निवडलेला, सरकारनं प्रशिक्षण दिलेला प्रमुख हवा. काम थांबवायचा अधिकार त्याचा. कोणतं औषध किती कालवलं याची नोंद त्याच्याकडं, म्हणजे दवाखान्यात डॉक्टरला अंदाज बांधावा लागणार नाही. काम थांबलं म्हणून मजुरी कापली जाणार नाही, हे ग्रामसभेत ठरावं.

लहान शेतकरी कर्जात आहे, तो हा खर्च कुठून करणार? त्यानं करूच नये. विष विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी आणि ते विकायला परवाना देणाऱ्या सरकारनं करावा. कर्जाचं ओझं मजुराच्या फुप्फुसावर टाकणं हा न्याय नाही.

मजुरांनो, पुढच्या फवारणीआधी टोळीत बसा, आपला प्रमुख निवडा. जो तुमच्यासाठी "थांबा" म्हणू शकत नाही, तो नेता नाही, मुकादम आहे.

जय भीम!