हळू आवाजातलं दुःख

अरुण दाते म्हटलं की आपल्याला लगेच ‘शुक्रतारा’ आठवतो. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि सोबत सुधा मल्होत्रा. १९६२ सालचं हे गाणं इतकं घराघरांत गेलं की गायकाची तीच ओळख होऊन बसली. पण मला विचाराल तर दाते खरे कळतात ते भातुकलीतल्या राजा-राणीच्या गाण्यात. शब्द पुन्हा पाडगावकरांचेच, चाल मात्र यशवंत देवांची.

प्रेमभंगाची गाणी आपल्याकडे काही कमी नाहीत. सिनेमात नायकाचं मन मोडलं की पाऊस पडतो, व्हायोलिनं रडू लागतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल एवढ्या आवाजात तक्रार होते. इथे तसं काहीच नाही. ती निघून जाणार, एवढंच कळतं. का, ते कवी सांगत नाही. राजा विचारतो, पण राणीजवळ उत्तर नसतं. दोष कुणाचाच नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. रागवायला कुणी असलं तर माणूस निदान रागावून मोकळा होतो! दाते हे सगळं जवळ बसून सांगावं तसं गातात. ताना नाहीत, हुंदका नाही. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात हेच गाणं कुणी रडवेलं होऊन म्हटलं की मला तिथून उठावंसं वाटतं.

हा संयम आला कुठून? मला वाटतं, इंदूरच्या घरातून. दाते तिथले, जन्म १९३४ चा. वडील रामूभैया दाते हे गाण्याचे जातिवंत रसिक. पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यावर लिहिलं आहे. शेजारी देवासला कुमार गंधर्व. अरुण दाते त्यांच्याकडेही शिकले. मराठी भावगीताआधी ते उर्दू गझल गात. गझलेत शेर हळूच ठेवून द्यायचा असतो, ऐकणाऱ्यावर आदळायचा नसतो. शिक्षणाने हा माणूस कापडउद्योगातला इंजिनिअर. आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकांना हे सांगायला हवं, की मराठीतला इतका हळुवार आवाज महाराष्ट्राबाहेरच्या, हिंदी बोलणाऱ्या गावातून आला.

आमच्या कॉलेजात दर वर्षी एखादा मुलगा किंवा मुलगी अचानक गप्प होते. घरचे म्हणतात, अभ्यासाचं टेन्शन आहे. कळलंच तर ‘हीच का तुझी थेरं?’ म्हणून ओरडतात, नाहीतर चेष्टा करतात. या वयातल्या दुःखाला आपल्या घरांत जागाच नसते. पाडगावकरांनी त्याला भातुकलीचा खेळ म्हटलं, पण हसले नाहीत.

दाते ६ मे २०१८ रोजी गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात देवही गेले. पाडगावकर आधीच, २०१५ मध्ये.

मध्यंतरी वर्गात हे गाणं ऐकवलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मग राजाचं पुढे काय झालं?” कवीने ते लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. तेव्हा पुढची एक मुलगी वळून त्याला म्हणाली, “अरे, राणीचं विचार ना!”