प्रत्येक उत्तरासाठी हेलपाटा कशाला?

करमाड ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर वीसएक किलोमीटरचे. जालना रोडने एसटी किंवा काळी-पिवळी मिळाली की माणूस तासाभरात शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचतो. खरा वेळ जातो तो त्यानंतर. समजा, तीन आठवड्यांचा खोकला आणि जोडीला मधुमेह असलेली एक मजूर बाई तपासणीला आली. पहिल्या दिवशी रक्त घेतले. रिपोर्ट पाहून दुसऱ्या फेरीत छातीचा एक्स-रे सांगितला. तो पाहून तिसऱ्या फेरीत थुंकीची तपासणी. तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि तीनदा गाडीभाडे. चौथ्या वेळी ती येईलच याची खात्री कोण देणार?

प्रयोगशाळेचे यंत्र मंद नाही, तंत्रज्ञही आळशी नाही. मंद आहे ती विचारण्याची रीत: एक प्रश्न, त्याचे उत्तर येईपर्यंत थांबणे, मग दुसरा प्रश्न. संगणकाच्या जगात नेमकी हीच अडचण आली होती. ती कशी सुटली, हे दवाखाना चालवणाऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

१९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत ‘एक्स विंडो सिस्टिम’चा जन्म झाला. लिनक्स आणि युनिक्स संगणकांच्या पडद्यावर खिडक्या, बटणे, अक्षरे दाखवण्याचे काम ही व्यवस्था वर्षानुवर्षे करत आली आहे. तिच्यात पडदा सांभाळणारा एक ‘सर्व्हर’ असतो. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे निरोप पाठवतात. प्रोग्रॅम एका संगणकावर आणि पडदा दुसऱ्या गावातल्या संगणकावर असला तरी चालते. निरोप पाठवण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या हाती तयार सूचनांचा एक संच असे. त्याचे नाव एक्सलिब.

‘इथे रेघ काढ’ अशा, उत्तर न लागणाऱ्या सूचना एक्सलिब न थांबता पाठवत असे. खोळंबा व्हायचा तो प्रश्नांवर. ही खिडकी केवढी आहे? हा रंग मिळेल का? या नावाचा क्रमांक काय? असा प्रत्येक प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम जागेवर उभा. एका फेरीला सेकंदाचा विसावा भाग लागतो असे धरले, तर शंभर प्रश्नांना पाच सेकंद लागतात. त्यातला बहुतेक वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. गंमत अशी की, एकापाठोपाठ अनेक प्रश्न पाठवायला मूळ नियमांची आडकाठी नव्हतीच. थांबण्याची सवय मधल्या संचाने लावली होती.

अमेरिकेतल्याच पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील बार्ट मॅसी आणि जेमी शार्प यांनी २००१ मध्ये यावर उपाय मांडला. त्याचे नाव एक्ससीबी. हा संच आटोपशीर आहे आणि त्याचे तत्त्व साधे आहे. प्रश्न पाठवला की लगेच हातात एक टोकन मिळते. ते खिशात ठेवायचे आणि पुढचा प्रश्न पाठवायचा. उत्तराची खरोखर गरज पडेल तेव्हाच टोकन दाखवून उत्तर घ्यायचे. वरचेच शंभर प्रश्न एकदम पाठवले, तर सगळी उत्तरे साधारण एका फेरीच्या वेळात हाती येतात. संगणक तोच, तारही तीच.

त्या बाईच्या बाबतीत हे करता येते. एकदाच सुई टोचून वेगवेगळ्या नळ्यांत रक्त घेतले की हिमोग्लोबिन, साखर आणि क्रिएटिनिन या तिन्ही तपासण्यांची सोय होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयरोगाचा संशय घ्यायचाच असतो. मग थुंकीचा डबा पहिल्याच दिवशी हातात का देऊ नये? रक्ताचा रिपोर्ट तयार होईपर्यंत एक्स-रे का काढू नये? सगळ्या तपासण्या सगळ्यांना सांगाव्यात, असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्या लागणारच आहेत, त्या एका दमात सांगाव्यात. काही प्रश्न मात्र आधीच्या उत्तरावर अवलंबून असतात. मूत्रपिंडाच्या विकाराची शंका असेल, तर शिरेतून औषध सोडून करायच्या सीटी स्कॅनआधी क्रिएटिनिनचा आकडा पाहावाच लागतो. तिथे थांबणे ही दक्षता आहे. एक्ससीबीतही जे उत्तर पुढच्या प्रश्नासाठी लागते, त्याची वाट पाहावीच लागते.

या रीतीत एक जोखीमही आहे. टोकन घेतले आणि उत्तर मागायला विसरलो, तर ते उत्तर संगणकाच्या स्मृतीत जागा अडवून पडून राहते. संगणकाचे त्याने थोडेच बिघडते. दवाखान्यात मात्र न नेलेला रिपोर्ट म्हणजे औषध न मिळालेला रुग्ण. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आणि कागद टेबलाच्या खणात राहिला, तर घरातली लेकरेही धोक्यात येतात. म्हणून एकदम प्रश्न विचारणाऱ्याने प्रत्येक टोकनाचा हिशेब ठेवलाच पाहिजे. कोणाचा रिपोर्ट तयार आहे आणि तो अजून कोणी पाहिलेला नाही, याची यादी रोज संध्याकाळी कोणीतरी वाचायला हवी. दोषी रिपोर्ट असेल तर रुग्णाची वाट न पाहता आशाताईंमार्फत निरोप गेला पाहिजे.

एक्ससीबीच्या गोष्टीत आणखी एक शहाणपण आहे. जुने हजारो प्रोग्रॅम एक्सलिबवर चालत होते. ते फेकून द्या, असे कोणी म्हटले नाही. एक्सलिब वरून तसेच ठेवून आतून एक्ससीबीवर बसवण्यात आले. जुने प्रोग्रॅम चालू राहिले, आणि ज्याला नवी रीत हवी होती त्याला तीही मिळाली. आपल्याकडे सुधारणा म्हटली की नवे यंत्र, नवी खिडकी, नवा अर्ज. रुग्णाच्या वाट्याला आणखी एक रांग येते. त्यापेक्षा केसपेपर तोच ठेवून त्यामागची कामाची घडी बदलणे स्वस्त पडते आणि टिकते.

यासाठी मंत्रालयातून आदेश येण्याची गरज नाही. ओपीडीच्या टेबलावर बसलेल्या डॉक्टरने पेन उचलताना स्वतःला एवढेच विचारावे: हा रुग्ण पुन्हा येईपर्यंत मला काय काय माहीत असायला हवे? ते सगळे आजच लिहावे. आणि करमाडची ती बाई पुढच्या वेळी येईल तेव्हा तिचे सारे रिपोर्ट तिच्या आधी टेबलावर आलेले असावेत.